अकरा महिन्यांची खोली

शुक्रवार, १२ एप्रिल १९८५, मस्कत

आणि वर आय मलाच विचारते, तुला एवढा राग कशाचा येतो. राग नको येऊ? गेल्या वर्षी हेच भांडण झालं होतं. तेव्हा तिने कुणाच्या तरी लग्नाची भांडी दोन महिने आमच्या घरात ठेवून घेतली होती. मी टेपमध्ये ओरडून सांगितलं होतं, आय, अंधेरीत कुणाला जागा द्यायची नाही, भांड्यांनासुद्धा नाही. हो बाबा, हो बाबा म्हणाली. आणि आता ही कॅसेट.

कॅसेट माझ्या मावसभावाच्या, जॉनीच्या कंपनीतल्या माणसाने आणली. आयला लिहिता येत नाही. ती टेपमध्ये बोलते आणि गावठाणातलं कुणी मस्कतला निघालं की त्याच्या हातात कॅसेट देते. अर्धी बाजू कोंबड्या, सुकट, शेजारच्या डॉमनिक अंकलचा गुडघा. मग भाजीचा भाव सांगावा तसं सांगते, "आणि रोनी, ती रस्त्याकडची खोली मी क्लबवाल्यांना दिली. पोरांच्या अभ्यासाला. रिकामीच पडली होती ना."

रिकामी! ती खोली माझी आहे. पप्पा गेल्यावर तिचे पत्रे काढून मी स्लॅब टाकला. दोन वर्षं इथे एसीच्या डक्टला ग्लासवूल लावतोय, रात्रभर अंग खाजतं, ते कशासाठी? परत गेलो की त्याच खोलीत एसी रिपेअरचं दुकान टाकायचं म्हणून. आयला हे माहीत आहे. बहिणीला, ज्युलियालापण माहीत आहे.

क्लब म्हणजे सहयोग सेवा क्लब. कारखानेवाले, डॉक्टर, वकील असले लोक. पंधरा दिवसांनी हॉटेलात जमतात, छातीला बिल्ला लावतात, जेवतात आणि शाळेत वह्या वाटून फोटो काढतात. त्यांचा सेक्रेटरी नंदकुमार. इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्याचा स्प्रिंगा बनवायचा कारखाना आहे. त्याने शाळेत विचारलं, चाळीतल्या पोरांना घरात बसायला जागा नाही, संध्याकाळी अभ्यासाला खोली कुठे मिळेल? तर आमच्या ज्युलियाने हात वर केला. माझी सख्खी बहीण! आता दहावीत जाणार म्हणून डोक्यावर चढलीय.

फुकट कोण कुणाच्या पोरांना शिकवतं? मला तर कुणी शिकवलं नाही. सातवीला नापास झालो तेव्हा हा क्लब कुठे जेवत होता?

डॉमनिक अंकलने एका मास्तरला दोन महिने खोली दिली होती, बायकोचं बाळंतपण होईपर्यंत. ते बाळ आता चौथीत आहे. मास्तर अजून तिथेच. अंकल कोर्टात गेला आणि हरून आला.

रविवार, १४ एप्रिल

आज कॅसेट भरली. भिकाजी माझ्या वरच्या बंकवर झोपतो. कुडाळचा आहे, पण त्याचा काका परळला चाळीत भाडेकरू, त्यामुळे त्याला या विषयातलं सगळं कळतं. तो म्हणाला, "अकरा म्हयन्याचो कागद करूक सांग. बारावो म्हयनो लागलो की खोली तुझी नाय, तेंची."

तसंच सांगितलं. एक, भाडं घ्यायचं नाही. नंदकुमार महिना शंभर द्यायला तयार आहे म्हणे. असणारच! भाडं घेतलं की पावती आली, पावती आली की भाडेकरू झाला. दोन, बाहेर बोर्ड लावायचा नाही. तीन, एक एप्रिलला आत शिरलेत ना, मग फेब्रुवारी संपला की सगळं सामान बाहेर. एक महिना कुलूप. चावी डॉमनिक अंकलकडे. त्याला एकदा चटका बसलाय, तो नीट सांभाळेल.

शेवटी आयला म्हणालो, "सही केली नाही तर त्याच दिवशी हाकल." मागून भिकाजी ओरडला, "हाकला मावशे, हाकला!" आयला तो कोण ते माहीतपण नाही.

शुक्रवार, ३१ मे

नंदकुमारने सही केली.

भांडला नाही, वकील आणला नाही, काही नाही. ज्युलियाने कॅसेटमध्ये अख्खा कागद वाचून दाखवला, खाली त्याची सही, दोन साक्षीदार. आणि वर आयला म्हणाला, "एथेलबाई, तुमच्या मुलाचं बरोबर आहे. त्याच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं."

हे वाक्य मी चार-पाच वेळा मागे नेऊन ऐकलं. खोलीची किंमत ज्याला कळते तो माणूस असा हसत सही करतो? मासळीच्या बाजारात तू वीस म्हण, समोरचा लगेच हो म्हणाला तर तुझाच मासा खराब आहे की काय असं वाटतं. आय हेच शिकवायची. आता तीच विसरली.

शुक्रवार, २६ जुलै

वाट लागली. मीटर बसवला!

ज्युलिया केवढी खूश होऊन सांगत होती. "दादा, दोन ट्यूबलाइट, एक पंखा. आणि आपल्याला बिल जास्त नको म्हणून नंदकुमार सरांनी त्या खोलीला वेगळा मीटर लावून दिला. बिल क्लब भरणार." वेगळा मीटर! अख्ख्या मुंबईला माहीत आहे, रेशनकार्ड आणि लाइटचा मीटर, ही दोन निघाली की कोर्टात आणखी काही लागत नाही.

भिकाजीने विचारलं, "मीटर कोणाच्या नावार?" ते ज्युलियाने सांगितलंच नाही. म्हणजे लपवते. नाहीतर तिला कुणीतरी सांगू नको म्हणून बजावलं असेल.

ओव्हरटाइम सोडून जॉनीच्या कॅम्पवर गेलो. तिथला एक माणूस उद्या निघणार होता, त्याच्याकडे दोन वाक्यांची कॅसेट दिली. मीटर कुणाच्या नावावर? लगेच कळव.

शुक्रवार, १६ ऑगस्ट

आमच्याच मीटरवरून पुढे काढलेला छोटा मीटर आहे. नाव पप्पांचंच. नंदकुमार आकडा बघतो आणि तेवढे पैसे आयच्या हातात देतो.

हातात देतो. पावती न घेता. आता हे भाडं धरतात की बिल?

शुक्रवार, २० सप्टेंबर

या वेळच्या कॅसेटमध्ये आय माझ्याशी बोलतच नव्हती. म्हणजे बोलत होती, पण ओटीवर बसून. मागे खोलीत सगळा बाजार. पोरं, बाकडी ओढल्याचा आवाज, एक पुरुष मोठ्याने गणित सांगतोय.

"बाळा, जेवतोस ना नीट? तिकडे... अगं कुंदा, चपला ओळीत ठेव, पाय अडकून पडेल कुणी. हां, काय म्हणत होते मी? तिकडे मच्छी ताजी मिळते का? ...थांब हां रोनी, याने वही आणली नाही वाटतं."

याने म्हणजे कुणी? नाव नाही, काही नाही. तिला सगळ्यांची नावं माहीत आहेत, कुणाचा बाप कुठे कामाला आहे तेपण. माझ्याशी बोलताना तीनदा उठून गेली.

आणि मध्येच घंटा वाजली. टण्ण करून. मी भिकाजीला म्हटलं, बघ, दाराला बेल बसवली. त्याने ऐकून सांगितलं, बेल नाही, देवळातल्यासारखी घंटा आहे. आमच्या कॅथलिक घरात देवळातली घंटा कशाला? मग शेवटी कळलं. क्लबवाल्यांची हॉटेलात मीटिंग सुरू करायची पितळी घंटा आहे, ती नंदकुमार घेऊन येतो. ती वाजली की गप्प बसायचं. आय कौतुकाने सांगते, "माझ्यासुद्धा तोंडाला कुलूप लागतं."

स्वतःच्या घरात तोंडाला कुलूप. आणि हसते.

शुक्रवार, १० जानेवारी १९८६

जॉनी नाताळची सुट्टी करून परत आला. जाताना त्याला बजावून पाठवलं होतं, नुसता केक खायला जाऊ नको, खोली बघून ये. आज त्याच्या कॅम्पवर गेलो.

"बघितलीस?"

"बघितली की. झकास केलीय यार. भिंतीला नकाशा लावलाय."

"खिळे मारून?"

"नाही, थुंकी लावून! अरे, नकाशा लावायचा तर खिळे नको?"

"माणसं कोण येतात?"

"पोरं येतात. पंचवीस-तीस असतील. तुझी आय दारात पहारेकऱ्यासारखी बसते. रविवारी क्लबातला एकेक जण येऊन आपापल्या धंद्याचं सांगतो. मी गेलो तेव्हा दातांचा डॉक्टर होता. आपला फुटका दात पोरांना दाखवून बोलला, बघा, मी स्वतःच जात नाही डॉक्टरकडे."

"आणि नंदकुमार?"

"त्याला माझ्यासमोर दंड झाला."

मी म्हटलं, कसला दंड? तर यांच्या क्लबात रीत आहे. बिल्ला लावायला विसरला की एक रुपया दंड. उशीर झाला की दंड. वाढदिवस लपवला तरी दंड! नंदकुमार बिल्ला न लावता आला होता, म्हणून दातांच्या डॉक्टरने पोरांसमोर डबा पुढे धरला आणि सगळी पोरं "दंड, दंड" म्हणून ओरडली. त्या डब्यातून पोरांना पेन्सिली आणतात. जॉनी सांगताना हसून लोळत होता.

मला नाही हसू आलं. जी माणसं बिल्ल्यावरून स्वतःच्या सेक्रेटरीला सोडत नाहीत, ती आपल्याला सोडतील?

जॉनीने कॅसेट दिली. त्यात आय थोडी, ज्युलियाच जास्त. शाळेच्या परीक्षेत गणितात पहिली आली म्हणे. मग आवाज बारीक केला.

"दादा, एक मागू? फक्त मार्च दे. एवढा एकच महिना. मार्च झाला की हवं तर वर्षभर कुलूप लाव. मी एक शब्द बोलणार नाही."

 नेमका मार्च! नेमका बारावा महिना! वर्षात एवढे महिने असताना हिला तोच कसा सुचला? हे तिच्या डोक्यातलं नाही. कुणीतरी भरवलंय. पोरीला पुढे केलं, दादा विरघळेल म्हणून. आता कळलं तो नंदकुमार हसत सही का करून गेला.

परीक्षा एप्रिलमध्ये असते, मी काय शाळेत गेलो नाही? सातवीपर्यंत सगळ्या एप्रिलमध्येच दिल्या. आणि तेव्हा तर खोली त्यांना परत मिळणारच आहे.

तिथल्या तिथे जॉनीच्या टेपवर भरलं: मार्च मिळणार नाही. अठ्ठावीस फेब्रुवारीला कुलूप. आय, पप्पांची शपथ आहे.

जॉनी म्हणाला, "शपथ कशाला घालतोस रे?"

मी म्हटलं, तुझी खोली असती तर ती वाचावी म्हणून तू चर्च बांधायचा नवस बोलला असतास.

शुक्रवार, ३१ जानेवारी

कॅसेट नाही, काही नाही. कामावर नवा सुपरवायझर आलाय. त्याला वाटतं आम्ही उंचावर चढून झोपा काढतो.

रविवार, २ मार्च

काल पहाटे आलेल्या माणसाने कॅसेट आणली. सगळं माझ्या मनासारखं झालं. जिंकलो, असं लिहायला वही उघडली होती.

आधी लिहितो काय झालं ते. फेब्रुवारी संपायच्या आदल्या दिवशी नंदकुमार टेम्पो घेऊन आला. बाकडी नेली, ट्यूबलाइट, पंखा, नकाशा नेला. मीटर काढला. नकाशाच्या खिळ्यांची भोकं राहिली होती, तर कारखान्यातला माणूस आणून ती सिमेंटने बुजवली आणि वर चुना मारला. चावी स्वतः डॉमनिक अंकलच्या हातात दिली. आय म्हणाली, कागदात एक दिवस बाकी आहे, बसू दे पोरांना. तो म्हणाला, "नको एथेलबाई, उद्या आवराआवरीत उशीर झाला तर तुमच्या मुलाला खोटं पडल्यासारखं होईल."

आय हे सगळं त्या खोलीतच उभी राहून बोलत होती, कुलूप लावायच्या आधी. तिचा आवाज घुमत होता. मी एवढ्या वर्षांत ती खोली अशी कधी ऐकली नव्हती.

मग म्हणाली, "पोरगे आता त्याच्या कारखान्यात बसणार, पाळी सुटल्यावर. पोरींना तिकडे कोण पाठवेल? इस्टेटमध्ये संध्याकाळी कुत्रंसुद्धा नसतं. कुंदाच्या घरी नऊ माणसं. आपली ज्युलिया चुलीपाशी बसते, पण कालपासून पुस्तकच उघडत नाही. म्हणते, मी जागेची मालकीण ना, मी कशी बसू एकटी? आता परीक्षेला पंधरा-सोळा दिवस राहिले. बरं, तू म्हणालास तसं केलं हां बाबा. शपथ पाळली."

मी टेप थांबवला. पंधरा-सोळा दिवस? मी म्हटलं, आय चुकली.

भिकाजी वरून खाली डोकं करून बोलला, "धाव्वीची परीक्षा मार्चातच आसता रे. माझो भाव दोनदा बसलो. दोनदा मार्चात आणि दोनदा आक्टोबरात."

"मग तू आधी का नाही बोललास?"

"तू विचारलंस खंय? तू खोलीचा विचारलंस."

मला कुणीच सांगितलं नाही. ज्युलियाने म्हणायला पाहिजे होतं, परीक्षा आहे. तिने नुसतं मार्च म्हटलं. तिला वाटलं असेल, मला माहीत असणार. सगळ्यांना माहीत असतं वाटतं, दहावीपर्यंत गेलेल्यांना.

पण खोली उघडून द्यावी तर बारावा महिना लागतोच. तोच कायदा, तोच नंदकुमार. आजच्या आज परत बाकडी घेऊन आला तर? त्याने भोकं बुजवली ती चांगुलपणाने की आपण कसे साधे ते दाखवायला?

सोमवार, ३ मार्च

दिवसभर डक्टवर बसून एकच विचार. संध्याकाळी भिकाजीला म्हटलं, पोरींना बसायला दिलं तर त्या भाडेकरू होतात का?

"धाव्वीतल्या पोरी?" तो म्हणाला. "तेंका जागा काय करूची? लग्नं जाली की घराकडसून जातली."

"आणि क्लब?"

"क्लबाक नुको घेव. आवशीक सांग, पोरींका आपण बसव."

त्याला घेऊन तारेच्या ऑफिसात गेलो. बाबू इंग्रजीत लिहून मागत होता. आम्ही सांगितलं, त्याने कमी करून लिहिलं: खोली उघड. पोरींना बसव. क्लब नको. शपथ सुटली. शेवटचं त्याला समजलं नाही, तरी लिहिलं.

परत येताना भिकाजी म्हणाला, पहिले दोन बस झाले असते, पैसे वाचले असते. पण क्लब नको हे पाहिजेच. नाहीतर बारा महिने झाले असते.

गुरुवार, १३ मार्च

कॅसेट आली. सोमवारपासून परीक्षा.

तार मिळाल्यावर आय डॉमनिक अंकलकडे चावी मागायला गेली तर तो देईना. "रोनीने मला सांगितलंय, मार्चात नाही." तार वाचून दाखवली तरी देईना. तार कुणीपण करू शकतं, म्हणाला. म्हातारा माझ्यापेक्षा पक्का! शेवटी आयने मागच्या खिडकीतून ज्युलियाला आत उतरवलं आणि घराकडच्या दाराची आतली कडी काढायला लावली. कुलूप अजून रस्त्याकडच्या दाराच्या कोयंड्याला लटकतंय, नुसतं.

बारा पोरी बसतात. बाकडी नाहीत, गोधड्या घातल्यात. उजेडाला घरातून वायर ओढून शंभरचा दिवा. आयने सगळ्यांना सांगून ठेवलंय, क्लबचा माणूस दिसला तर आत घ्यायचा नाही, रोनीचा हुकूम आहे.

पुढचं तिच्याच शब्दांत लिहितो, कारण मला अजून नीट कळत नाहीये.

"नंदकुमारसाहेब आला. मी दारात उभी राहिले, तार पुढे केली. वाचली, मान हलवली. म्हणाला, बरोबर आहे, आमचं काम एक एप्रिलनंतर. मला वाटलं गेला. तर रस्त्याच्या खिडकीपाशी जाऊन उभा. गजातून आत हाक मारतो, कुंदा, त्या दिवशीचं ते भूमितीचं सुटलं का? नाही म्हणाली. तर बाहेर रस्त्यावर उभं राहून गजातून वही घेतली, भिंतीवर ठेवून सोडवून दाखवलं, परत आत दिली. मग सगळ्यांनीच वह्या बाहेर काढल्या. रोज येतो रे. दीड-दोन तास उभा असतो. रिक्षावाले हॉर्न मारतात, हा आपला पाय गटाराच्या कडेला ठेवून गणित सांगतो. मी म्हटलं, या आत दोन मिनिटं, कोण बघतंय? तर म्हणतो, नको, मार्च आहे. परवा तो दातांचा डॉक्टर आला आणि यालाच म्हणतो, भर रस्त्यात क्लब चालवतोस, काढ एक रुपया. पोरी हसून हसून पडल्या. ज्युलियासुद्धा. पहिल्यांदा हसली बघ तुझा हुकूम आल्यापासून."

मग ज्युलिया आली. एवढंच म्हणाली, "दादा, खिडकी चालते ना? कागदात खिडकीचं काही लिहिलं नाहीये. मी बघितलं."

मी भिकाजीला विचारलं, खिडकीचा हक्क लागतो का. त्याला पहिल्यांदा काही माहीत नव्हतं. 

मला त्या माणसाचा भरवसा नाही. रोज दोन तास कुणी गटारावर उभं राहतं, स्वतःचा कारखाना सोडून? काहीतरी असणारच. एप्रिलमध्ये नवा कागद होईल तेव्हा दिसेल. अकराच महिने, एक दिवस जास्त नाही. पण या वेळी एप्रिलपासून धरायचे नाहीत. जूनपासून धरायचे, म्हणजे कुलूप मे महिन्यात पडेल. मे महिन्यात कसली परीक्षा असते का, ते आधी ज्युलियाला विचारायचं.

जॉनीच्या कॅम्पमधला माणूस उद्या निघतोय, पैसे त्याच्याकडे देतोय. आयला कॅसेटमध्ये सांगितलं, लोखंडी घडीची खुर्ची मिळते, ती आण. शनिवारीच आण. खिडकीखाली ठेव, बाहेर, रस्त्यावर. आत अजिबात नाही. रात्री घडी करून घरात घे, नाहीतर कुणीतरी उचलेल. आणि नंदकुमारला सांग, खुर्ची आमची आहे.

घरखर्चाचे बाराशे, खुर्चीचे नव्वद. एकूण बाराशे नव्वद रुपये.